खाड्यांचं ॲप

काकूच्या मेसचा नियम असा: सलग तीन खाडे झाले तरच पैसे वजा होणार, आणि खाडा आदल्या रात्री नऊच्या आत सांगायचा. सव्वानऊला सांगितलेला खाडा धरत नाहीत, कारण तोवर सकाळची कणीक किती लागणार ते ठरलेलं असतं. नागपूरच्या बजाजनगरात, व्हीएनआयटी या इंजिनीअरिंग कॉलेजपासून पायी अंतरावर, काकू गेली वीसेक वर्षं पोरांना जेवू घालते. एवढ्या वर्षांत या नियमावरून वाद झाले, रडारड झाली, एकदा तर एका पोराचे वडील चंद्रपूरहून तावातावाने आले आणि जेवून गेले. नियम मात्र हलला नाही.

हा नियम दोन ठिकाणी लिहिलेला आहे. एक, स्वयंपाकघराच्या दारावर लटकवलेल्या पुठ्ठ्यावर. दुसरा, २०१४ साली तिच्याकडेच जेवणाऱ्या एका पोराने बनवलेल्या ॲपच्या आत. पुठ्ठा अजून तसाच आहे. तेलाचे हात लागून लागून एक कोपरा पारदर्शक झालाय, बस. ॲपवर मात्र दर तीन-चार वर्षांनी मरणघटका येते. ती टाळायचं काम माझ्याकडे आहे.

मी प्रोग्रॅमर नाही, हे आधीच सांगून टाकतो. सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत हिशेबाच्या टेबलावर बसतो. घरात एका माणसाला प्रिंटर दुरुस्त करता आला की पुढे सगळ्या खानदानाचे वायफाय त्याच्या गळ्यात पडतात, तसं माझं झालं.

तो पोरगा फायनल इयरला होता. घरून पैसे यायला उशीर व्हायचा. काकूने दोन महिन्यांची मेस सोडली आणि त्याने बदल्यात ॲप करून द्यायचं, असा सौदा ठरला. काकू तेव्हा सगळं वहीत लिहायची आणि महिनाअखेरीला चष्मा लावून रात्री बारापर्यंत बेरजा करायची. पोरगा आठवडाभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ती काय करते ते नुसतं पाहत होता. त्यामुळे जे तयार झालं ते काकूच्या हाताच्या मापाचं झालं. डावीकडे नावं, पुढे दोन चौकोन, सकाळ आणि रात्र. चौकोनावर बोट ठेवलं की लाल शिक्का उमटतो: खाडा. बोट दाबून धरलं की शिक्का पिवळा होतो. पिवळा म्हणजे आजारी. आजारी पोराचा एकच खाडा असला तरी वजा करायचा, तीनची अट त्याला नाही. हा पोटनियम पुठ्ठ्यावर नाही, काकूने कोणाला सांगितलेलाही नाही. त्या पोराने उंबऱ्यावर बसून तो हेरला आणि ॲपमध्ये घातला.

शिक्क्यावरचा ‘खाडा’ हा शब्द म्हणजे टाइप केलेलं अक्षर नाही, चित्र आहे. त्या काळी हातोहाती फिरणाऱ्या जुन्या, स्वस्त अँड्रॉइड फोनांवर देवनागरीचा भरवसा नसायचा. कुठे नुसते चौकोन यायचे, कुठे वेलांटी अक्षर सोडून पुढे जाऊन बसायची. म्हणून त्याने शब्दाचं चित्रच करून चिकटवलं. चित्र तेव्हाच्या बारक्या स्क्रीनच्या मापाचं होतं. आजच्या फोनवर ते ताणलं जातं आणि कडा फुगतात. पाण्याचा थेंब पडलेल्या शाईच्या शिक्क्यासारखं दिसतं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात काकूचा फोन गॅसच्या ओट्यावरून खाली पडला. स्क्रीन अर्धी काळी. जाऊन नवीन घेतला. दुकानातल्या पोराने जुन्यातून नव्यात सगळं उतरवून दिलं: फोटो, व्हॉट्सॲप, गजराचे सूर, सगळं. ॲप तेवढं आलं नाही. बर्डीच्या बाजारात, मोदी नंबर तीन या गल्लीत, एका ओळखीच्या काउंटरवर दाखवलं. त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि फोन परत सरकवला.

“भाऊ, हे नाही होत आता. खूप जुनं आहे. प्लेस्टोअरवर मेसचे पन्नास ॲप आहेत, एखादं घेऊन टाका ना.”

घेऊन पाहिले होते मी, तीन. पहिल्याने जीएसटी नंबर मागितला. दुसऱ्याने प्रत्येक पोराचा मोबाइल नंबर घातल्याशिवाय पुढेच जाऊ दिलं नाही. तिसरं बरं होतं, पण त्यात खाडा म्हणजे खाडा. सलग तीनची अट नाही आणि पिवळा रंग तर नाहीच. काकूने दोन दिवस वापरलं आणि म्हणाली, “हे माझ्या मेसचं नाही, याच्या मेसचं आहे.”

आता नवा फोन नाही का म्हणतो, ते सांगतो. प्रत्येक अँड्रॉइड ॲपच्या पोटात एक आकडा लिहिलेला असतो. आपण अँड्रॉइडची कोणती आवृत्ती समोर ठेवून बनलो, ते तो सांगतो. आमच्या ॲपचा आकडा आहे १९, म्हणजे ४.४, किटकॅट. फोन हा आकडा वाचतो आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे ॲपशी वागतो. म्हाताऱ्या पाहुण्याला त्याच्या सवयीचा पाट मांडून द्यावा तसं. पण हीच सवलत लुबाडणूक करणाऱ्यांच्या कामी आली. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं, तोवर ॲप एकदा बसवलं की मागितलेल्या सगळ्या परवानग्या एका दमात मिळायच्या. सहापासून एकेक विचारून द्यायची पद्धत सुरू झाली. मग काही चोरट्यांनी ॲप मुद्दाम जुन्या आकड्याचे बनवले, म्हणजे विचारायची भानगडच नको. म्हणून २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून २३ च्या, म्हणजे अँड्रॉइड ६ च्या, खालचा आकडा असलेलं ॲप बसवूच द्यायचं नाही असं ठरलं, आणि १५ मध्ये ती पायरी २४ वर नेली. आधीपासून बसलेलं ॲप फोन अपडेट झाला तरी राहतं. दार बंद होतं ते नव्याने आत येणाऱ्याला. म्हणूनच हे दुखणं नेहमी फोन बदलताना उपटतं.

कारण रास्त आहे, मला मान्य आहे. काकूला मी हे सगळं समजावून सांगितलं. तिने पोळ्या लाटता लाटता ऐकून घेतलं. बाहेर मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत गावाबाहेर नेतात त्या पुतळ्याच्या, मिरवणुकीला निघालेली पोरं ओरडत होती. ती म्हणाली, “मग त्या आकड्याले घेऊन जा गे मारबत! माझे खाडे का म्हणून अडवून राहिला तो?”

या उद्योगात पडल्यापासून गल्लीतले लोक फोन घेऊन येतात. बहुतेकांना मी परत पाठवतो. मी आधी एकच गोष्ट पाहतो: ॲपचा जीव कुठे आहे? गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा सातासमुद्रापलीकडच्या पोपटात असतो, तसा पुष्कळ ॲपचा जीव फोनात नसतोच. तो कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरमध्ये असतो. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी मनगटावरचा पट्टा घेतला होता, पावलं आणि नाडी मोजणारा. कंपनीने गाशा गुंडाळला आणि सर्व्हर बंद केला. पट्टा चांगला, फोन चांगला, ॲप उघडतंही. पण लॉगिनच्या पानावर गोल चक्र फिरत राहतं. मास्तर रोज सकाळी अंबाझरीवर फिरायला जाताना अजून पट्टा घालतात. वेळ दिसते म्हणाले. तिथे माझी केबल काही करू शकत नाही.

दुसरा प्रकार चिपच्या भाषेचा. २०१७ मध्ये आयफोनच्या आयओएस ११ ने ३२ बिटांची, म्हणजे जुन्या चिपच्या भाषेतली, सगळी ॲप एका झटक्यात बाद केली. अँड्रॉइडमध्ये ते सावकाश झालं. पण २०२२ च्या पिक्सेल ७ पासून फक्त ६४ बिट चालवणारे फोनही आले. ज्या ॲपमध्ये थेट चिपसाठी लिहिलेला ३२ बिटांचा भाग आहे, ते अशा फोनवर गेलं कामातून. यात जुने गेम फार. आमचं ॲप वाचलं, कारण त्यात निव्वळ जावा आहे आणि त्याचं चिपच्या भाषेत भाषांतर फोन स्वतःच करून घेतो.

सगळ्यात मजा मात्र त्याहून जुन्यांची. माझ्या मेहुण्याला २००७ च्या आसपासचा, बटणांच्या फोनवरचा एक क्रिकेटचा गेम हवा होता. जार फाईल कुठूनशी मिळाली. जे२एमई लोडर नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते नव्या फोनच्या आत जुन्या जावा फोनचं सोंग घेतं. फाईल टाकली, गेम पाच मिनिटांत सुरू. तो जुना जावा फोन आता कोणी बदलत नाही, त्याला अपडेट येत नाहीत, म्हणून त्याचं सोंग एकदा वठवलं की वठलं. पुरता मेलेला जमाना सांभाळायला सोपा आणि अर्धवट जिवंत असलेला अवघड. मेहुणा पहिल्याच बॉलला बोल्ड झाला आणि खूश झाला.

आता २०१८. हे लिहू की नको असं बराच वेळ चाललं होतं.

ॲपमध्ये एक उणीव होती: सगळ्या नोंदी त्याच्या पोटात, बाहेर काढायची सोय नाही. फोन हरवला तर सगळं गेलं. मी त्या पोराला गाठलं. तोवर तो पुण्यात नोकरीला लागला होता. फोनवर पहिल्यांदा हसला. “काकू अजून ते वापरतात? दादा, मला वाटलं मी गेल्यावर सहा महिन्यांत बंद पडलं असेल.” दोन रविवार खर्चून त्याने नवी फाईल पाठवली. तिच्यात एक जादा बटण होतं: ‘वही बाहेर काढा’. ते दाबलं की सगळ्या नोंदी एका फाईलमध्ये फोनच्या मेमरीत उतरतात.

मी ती फाईल जुन्या ॲपवर बसवायला गेलो. ॲप बसलं नाही. पुन्हा केलं, तेच. मग जे कोणीही करेल ते मी केलं. जुनं काढून टाकलं आणि नवं बसवलं. बसलं झटकन. उघडलं. कोरं करकरीत.

ऑगस्टची २३ तारीख. ४१ पोरं. तेवीस दिवसांचे खाडे आणि त्याच्या मागचा चार वर्षांचा हिशेब, सगळा साफ. नोंदी बाहेर काढायचं बटण बसवताना नोंदी पुसल्या गेल्या. मी ओट्यापाशी उभा राहिलो आणि काकूला सांगितलं. तिने गॅस बारीक केला. “बरं,” म्हणाली. “वही आण.”

त्या रात्री ती पंगतीच्या तोंडाशी स्टूल टाकून बसली. ताट घ्यायला आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न: “तुझे खाडे किती रे या महिन्यात?” एकाने सांगितलं, अकरा. काकूने चष्म्यावरून पाहिलं. “अकरा? अन् परवा गोळाभात दोनदा कोणी वाढून घेतला मग?” अकराचे आठ झाले. मागून हशा उठला, तोही हसला. गडचिरोलीकडचा एक अबोल पोरगा होता, तो म्हणाला दोन. काकूने वहीत पाच लिहिले. तो म्हणाला, “काकू, दोनच.” ती म्हणाली, “तापात होतास तू. रूमवर पेज कोणी पाठवली? जा, जेव.” पाचाच्या भोवती तिने पेनने एक गोल काढला. पेन निळं होतं, पण तो गोल पिवळा आहे हे मला कळलं.

त्या महिन्याचा हिशेब शेवटी किती बरोबर आला ते तपासायला काहीच उरलं नव्हतं. पैसे जमा झाले, तक्रार कोणाची आली नाही.

नवं ॲप जुन्यावर बसत का नाही, हे मी त्यानंतर शिकलो. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची सही असते, म्हणजे एका किल्लीने उठवलेली आकडेबद्ध मोहोर. जुन्यावर नवं चढवायचं तर मोहोर तीच लागते, नाहीतर फोन दोघांना परके समजतो. २०१४ ची किल्ली त्या पोराच्या कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये होती, त्याची हार्ड डिस्क केव्हाच उडाली. ज्या लॅपटॉपवर २०१८ ची फाईल केली तो ऑफिसचा, नोकरी बदलताना परत दिलेला. मूळ प्रोग्रॅमही त्यावरच. म्हणजे आज त्याने स्वतः सुधारणा करायची म्हटली, तरी काकूच्या फोनला तो कोणी अनोळखी माणूसच. इसारपावतीवर सही आपलीच, पण अंगठा आता जुळत नाही.

“नवीन लिहून देतो ना काकूंना, ऑनलाइनवालं,” असं तो गेल्या वर्षीही म्हणाला. काकूने विचारलं, नेट नसलं तर? रात्री नऊला तिच्या स्वयंपाकघरात रेंज येत नाही. भिंत जाड आहे. तो विषय तिथेच मिटला.

तर पोळ्याच्या आठवड्यातली ती रात्र. जुना अर्धा काळा फोन, नवा फोन, केबल आणि माझा लॅपटॉप. जुन्या फोनची डावी अर्धी स्क्रीन चालत होती आणि नशिबाने ‘वही बाहेर काढा’ त्याच बाजूला आहे. फाईल उतरली. मग नव्या फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टकटक केलं. हा प्रकार मला अजून देवळाच्या प्रदक्षिणेसारखा वाटतो. सात झाल्या की फोन म्हणतो, आता तुम्ही डेव्हलपर आहात. यूएसबी डीबगिंग, म्हणजे केबलवरून संगणकाचं ऐकायची मुभा, सुरू केलं. जुन्या फोनमधून ॲपची फाईल केबलने ओढून घेतली. कुठल्यातरी वेबसाइटवरची घ्यायची नाही, हा माझा नेम, कारण तशा फाईलींमध्ये कोणी काय कालवलंय सांगता येत नाही. नव्या फोनने सरळ सांगितलं: किमान २४ पाहिजे, सापडला १९.

यावर दोन वाटा. एक, ॲप उलगडून तो आकडाच खोडून मोठा करायचा. सोपं वाटतं, पण आकडा बदलला की फोनची वागणूकही बदलते. २३ किंवा त्याच्या वर गेलो की परवानगी ॲपने स्वतः विचारायला हवी, आणि आमच्या ॲपला विचारणं येत नाही, त्याच्या काळी ती पद्धतच नव्हती. ३० वर नेलं तर मेमरीतल्या ज्या फोल्डरमध्ये वही उतरते, तोच त्याला दिसेनासा होईल. शिवाय मोहोर पुन्हा बदलली. दुसरी वाट: संगणकावरून बसवताना एडीबीच्या, म्हणजे केबलवरून फोनला हुकूम देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आज्ञेला ‘बायपास-लो-टार्गेट-एसडीके-ब्लॉक’ असं लांबलचक शेपूट जोडायचं. म्हणजे, मला माहीत आहे हे जुनं आहे, माझ्या जबाबदारीवर आत घ्या. ही सोय अँड्रॉइडवाल्यांनीच ठेवलेली आहे, उघड सांगून.

शेपूट जोडण्याआधी मी ॲपची मागणी-यादी वाचली. दर वेळी वाचतो. त्यात मेमरी वापरायची परवानगी आहे, आणखी काही नाही. संपर्क नाहीत, मेसेज नाहीत, इंटरनेटदेखील नाही. ज्याने इंटरनेट मागितलंच नाही, ते ॲप कोणाला काय कळवणार? त्या पोराने ते सुरक्षेच्या विचाराने केलं होतं की आळसाने, विचारायचं राहूनच गेलं. असंच एखादं अनोळखी ॲप संपर्क आणि मेसेज मागत असतं, तर मी तीच केबल काढून ठेवली असती.

(कोणी कायद्याचं विचारतं म्हणून: आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, रीतसर मिळालेला प्रोग्रॅम ज्या कामासाठी मिळाला त्यासाठी वापरायला आणि राखीव प्रत ठेवायला, त्याची नक्कल किंवा फेरफार करू देतं. आमच्याकडे तर कर्ताच हो म्हणतोय आणि मोबदला दोन महिन्यांच्या जेवणात चुकता झालाय.)

एंटर दाबलं. ‘सक्सेस’ असा एक शब्द आला. फोनवर उघडलं तर आधी परवानगीचं पान, मग हे ॲप जुन्या अँड्रॉइडसाठी बनलंय, नीट चालेलच असं नाही, अशी सूचना. काकूने न वाचता ‘ओके’ दाबलं. वर आणि खाली काळ्या पट्ट्या आल्या, कारण हल्लीच्या उंच स्क्रीनची कल्पना त्या काळी नव्हती आणि जुन्या ॲपला फोन तेवढीच जागा देतो. फोटोफ्रेममध्ये बसवल्यासारखं दिसतं. वही आत घेतली. नावं आली. ताणलेले, फुगलेले लाल शिक्के आले, मधे मधे पिवळे.

काकूचा कूलर माझ्या लहानपणापासूनचा आहे. पत्र्याची बॉडी, दोनदा रंगवलेली. एप्रिल लागला की गवत बदलायचं, दोन-तीन वर्षांनी पंप, एकदा मोटर बदलली. ४५ अंशांत तो रात्रभर गुरगुरत राहतो. या वर्षी गवत भरायला आलेल्या माणसाने बॉडी किती जुनी हे विचारलं नाही, फक्त माप घेतलं. मी ॲपचं करतो ते याहून वेगळं काय, असं मला वाटायचं. पण गवत मला काय, कोणालाही विकत मिळतं. ते लांबलचक शेपूट उद्या काढून टाकलं तर मला बाजारात मिळणार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गूगलने जाहीर केलं, की पुढे ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप बसतील, सुरुवात २०२६ च्या सप्टेंबरात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. केबलची वाट उघडी राहील असं गूगलचं म्हणणं आहे. आमची सगळी भिस्त त्या वाटेवर.

आणि माझ्यावर. हे मला त्या रात्री खटकलं. मी नसलो तर? म्हणून ॲपची फाईल आणि वहीची प्रत एका पेनड्राइव्हमध्ये घातली, आणि सोबत एका कागदावर मराठीत सगळं क्रमाने लिहिलं: सात टकटक, केबल, आज्ञा अक्षर न् अक्षर, शेपटासकट. कागद घडी घालून पेनड्राइव्हसह देवघराच्या खालच्या खणात ठेवला. काकूला म्हटलं, पुढच्या फोनला कोणी हुशार पोरगा पंगतीत असेलच, त्याला हे दे.

परवा काही कारणाने तो खण उघडला. कागद मी ठेवला होता तसा नव्हता. माझ्या पहिल्या ओळीच्या वर, समासात जेमतेम जागा होती तिथे, निळ्या पेनने शून्य आकडा घालून तिने एक ओळ वाढवली होती:

०. आधी सगळ्यांचे खाडे वहीत उतरवून घेणे. मगच फोनला हात लावणे.